डोहाचा पत्ता विचारू नका

परवा तिघंजण ऑफिसात आले. पाठीवर फोल्डिंगचे रॉड, पायात भारी बूट. म्हणाले, "सर, तुमची जुनी बातमी वाचलीय. तो डोह नेमका कुठे?" मी सांगितलं नाही. पोरं नाराज होऊन गेली. म्हणून हे लिहितोय.

गरी टाकायचा नाद मलाही आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे धुंडाळत, दगडावरून दगडावर उड्या मारत वर जायचं, हे सुख मला माहितीय. काही वर्षांपूर्वी धनगरवाड्यातल्या एका काकांबरोबर असाच अडीच तास चालून त्या डोहावर पोचलो. नितळ पाणी, तळाशी खडशी फिरताना दिसल्या. खडशी म्हणजे आपला दख्खनी महाशीर. 1839 साली साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या याच माशाची शास्त्रीय नोंद केली होती.

मी काय केलं? अर्धं पान बातमी. फोटो, गावाचं नाव, वाट कुठून फुटते, सगळं.

पुढच्याच मे महिन्यात कुणीतरी त्या डोहात ब्लीचिंग पावडर ओतली. मोठे मासे पोत्यात भरून नेले, बोटभर पिल्लं पांढरी पोटं वर करून तशीच पडली होती. काका एवढंच म्हणाले, "वाट तुम्हीच दाखवलीत."

आता मुद्दा. मार्चनंतर आपले ओढे तुटतात. वाहतं पाणी थांबतं, उरतात ते डोह. अख्ख्या ओढ्याचे मासे त्या दोन-चार डोहांत जीव धरून असतात. पाऊस पडला की हेच मासे अंडी घालायला वर चढतात. म्हणजे उन्हाळ्यातला डोह हे ओढ्याचं बियाणं आहे. पेरणीचं भात कुणी शिजवून खातं का? जिलेटिन, ब्लीचिंग, बॅटरीचा करंट यांनी एका दुपारी सगळं बियाणंच संपतं.

कायदा नाही असं नाही. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं 1897 च्या कायद्यातच गुन्हा ठरलंय. पण जंगलातल्या ओढ्यावर पोलीस कुठून येणार? तिथे राखण गावच करू शकतं. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत बघा. काळ नदीच्या त्या डोहातले मासे देवीचे मानतात, कुणी गरी टाकत नाही. मासे टिकलेत.

कुणी म्हणेल, जागा लपवणं हा स्वार्थच झाला. अहो, गावाला जागा माहीतच असते. लपवायची आहे ती गावाला न विचारता गाडीने येणाऱ्यापासून. जायचंच असेल तर आधी वाडीत बसा, चहा घ्या, विचारा. गरीने दोन मासे धरा, अंड्यावरची मादी सोडून द्या. चढणीचे मासे मीही लहानपणापासून चवीने खाल्लेत, पण आता पहिल्या पावसातले ते चार दिवस हात आवरतो.

आणि आम्हा पत्रकारांनी, रील करणाऱ्या पोरांनी एवढं तरी पाळावं: मासा दाखवा, ओढ्याचं नाव नको.

पोस्ट खुशाल शेअर करा. कमेंटमध्ये पत्ता मात्र विचारू नका. एकदा सांगून बसलोय.