सरकारचें धोरण आणि गांवची विहीर

विहिरीचें पाणी ही जमीनमालकाची खासगी मिळकत होय, ही शेतकरीवर्गाची समजूत फार जुनी आहे. १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यानें तिला आधारहि दिला. परंतु भूमीच्या पोटांतील पाणी बांध ओळखीत नाहीं. शेजाऱ्यानें २०० फुटांचा बोअर घेतला कीं आपली ५० फुटी विहीर आटते, हा अनुभव दुष्काळी मुलुखांतील पुष्कळ बागाईतदारांस आहे.

राज्यघटनेप्रमाणें पाणी हा विषय राज्यांचा असला, तरी धोरणाची दिशा बव्हंशीं दिल्लींतून येते. मध्यवर्ती सरकारनें १९७० मध्यें भूजल-कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडिला. महाराष्ट्रानें १९९३ त पिण्याच्या पाण्यापुरता व २००९ त अधिक व्यापक कायदा केला. या दुसऱ्या कायद्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींस आवर घालण्याची तरतूद आहे. पुढें डिसेंबर २०१९ मध्यें ६,००० कोटि रुपयांची अटल भूजल योजना महाराष्ट्रासह ७ राज्यांकरितां निघाली. गांवानें स्वतःच पाण्याचा जमाखर्च मांडून पिकांची आंखणी करावी, हा तिचा हेतु. तो उत्तमच होय.

परंतु सरकारचा एक हात जें सांगतो, त्याच्या उलट दुसरा करवितो. उसाचा किमान दर मध्यवर्ती सरकार दरसाल ठरवितें, व कारखान्यावर तो बंधनकारक असतो. ज्वारी-तुरीचे हमीभाव जाहीर होतात खरे. पण त्या भावानें माल घेणारा बाजारांत भेटेलच, असें नाहीं. मग शेतकरी उसाकडे वळला, तर दोष एकट्या त्याचा कसा? शिवाय २०२० च्या केंद्रीय नियमांनीं शेतीच्या उपशास परवान्याच्या अटींतून वगळलें. सारांश, दिल्लीचा लगाम आपल्या विहिरीपर्यंत पोंचत नाहीं. तो गांवानेंच धरिला पाहिजे.

हें अशक्य नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं ही योजना निघण्याच्या पुष्कळ आधींच शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली, ऊस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें वर्ज्य केलीं, व पाऊस मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडण्याची वहिवाट पाडिली.

कमी पाण्याच्या पिकांस उसाइतकीच खरेदीची शाश्वति द्या, ही मागणी आपण सरकारकडे निक्षून केली पाहिजे. परंतु ती पदरांत पडेपर्यंत वाट पाहत बसणें परवडणार नाहीं. रब्बीच्या पेरणीपूर्वीं विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेंत ताळेबंद मांडण्यास कोणत्याहि सरकारी हुकुमाची जरूर नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरींत पाणी राहिलें, तरच आपल्याहि विहिरींत राहील, एवढें ध्यानीं धरिलें म्हणजे पुरे.