जनरेटर आहे, पण डिझेल किती तासांचं?

वीज गेली की महापालिकेत उत्तर तयार असतं: "तो आमचा विषय नाही, वीज कंपनीला विचारा." भिवंडीत वितरणाचं काम 2007 पासून महावितरणच्या फ्रँचायझीकडे आहे, मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगावात 2020 पासून. म्हणजे दारं आणखी वाढली आणि नागरिकाच्या चकराही.

वीज पुरवणं महापालिकेचं काम नाही, हे मान्य. पण पाणीपुरवठा, अग्निशमन, सार्वजनिक आरोग्य, पथदिवे हे विषय राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांसाठीच नोंदवलेले आहेत. पंप बंद पडला आणि टाकी रिकामी झाली, तर तो प्रश्न वीज कंपनीचा नाही, महापालिकेचा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005, कलम 32 नुसार स्थानिक संस्थेने स्वतःचा आपत्ती आराखडा करायचा असतो. ती मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेलं बंधन आहे.

"असं रोज थोडंच होतं?" असं कुणी म्हणेल. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत खांब आडवे झाले आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. चारच महिन्यांनी, 12 ऑक्टोबर 2020 ला, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा मोठा भाग अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. ग्रीड कोसळलं तर मुंबईला वेगळं करून चालू ठेवणारी 'आयलँडिंग' यंत्रणा कित्येक वर्षांपासून होती. त्या दिवशी ती टिकली नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: जो बॅकअप कधी चालवून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हेच. सरकारी दवाखान्याच्या मागे जनरेटर उभा असतो. पण तो पूर्ण लोडवर शेवटचा कधी चालवला? डिझेल किती तासांचं? ते संपलं तर आणणार कुठून? पेट्रोल पंपाचं यंत्रही विजेवरच चालतं. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, मग ड्रायव्हरला फोन तरी कसा लागणार?

सोलरचंही तसंच. पालिकेच्या गच्चीवर पॅनेल बसतात, उद्घाटनाचे फोटो येतात. पण बॅटरीशिवाय थेट ग्रीडला जोडलेलं साधं सोलर, ग्रीड गेलं की आपोआप बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. त्यामुळे भर उन्हातही ती इमारत अंधारात बसते. बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर असेल तरच ते पॅनेल संकटात कामाचं.

आराखडा म्हणजे दोनशे पानांची फाइल नको. प्रत्येक प्रभागात कोणते पंप, दवाखाने आणि लसींचे फ्रिज आधी चालू ठेवायचे, याची क्रमवार यादी हवी. टाकीतलं पाणी किती तास पुरेल, हा आकडा हवा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णांची नोंद हवी. वीज कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्याला रात्री दोन वाजता उठवायचं, हे लिहिलेलं हवं. आणि वर्षातून दोनदा मेन स्विच पाडून हे सगळं तपासायला हवं. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही, इच्छा लागते.

कोकणात वादळानंतर आपल्यातले कितीतरी तरुण रेशन आणि ताडपत्र्या घेऊन धावले. ती खिदमत मोलाचीच. पण दरवेळी आपण धावायचं आणि पालिकेने आभारपत्र द्यायचं, हा हिशोब बरोबर नाही. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याला चार तास जाणवतही नाहीत. चौथ्या मजल्यावर हंडे चढवणाऱ्या बाईला आणि लूम थांबली की मजुरी बुडणाऱ्या कामगाराला ते पूर्ण मोजावे लागतात. कर दोघंही भरतात.

म्हणून या महिन्यात एक काम करा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीनच गोष्टी मागा: कलम 32 खालील आराखड्याची प्रत, जनरेटर चाचणीच्या नोंदी आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी केलेली पर्यायी विजेची सोय. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आलेलं उत्तर मोहल्ला कमिटीत वाचा, नगरसेवकाच्या टेबलावर ठेवा. "माहिती उपलब्ध नाही" असं आलं, तर तेच घेऊन पुढच्या सभेत उभे राहा.