कामगारांचा वकील कोठून यावा?

कायद्यापुढे सर्व समान आहेत, हे राज्यघटनेच्या १४ व्या कलमाचे आश्वासन आहे. ते आश्वासन न्यायालयात प्रत्यक्षात उतरते ते वकिलाच्या मुखातून. म्हणून ‘कायदा काय म्हणतो?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तो मांडणारा कोठून आला आहे?’ हा प्रश्नही विचारावा लागतो. वकिलाने सनद घेण्यापूर्वी कोणते काम केले, कोणाच्या घरचे दुःख जवळून पाहिले, कोणत्या भाषेत विचार करण्याची त्याला सवय आहे, यावर तो कोणत्या पक्षकाराचे म्हणणे सहज समजू शकेल हे बऱ्याच अंशी ठरते. समाजवादी चळवळीत या प्रश्नाचा विचार फारसा झालेला नाही. कामगार कायद्यांची चर्चा पुष्कळ झाली. ते कायदे न्यायालयात कोण चालवणार, याची मात्र झाली नाही.

पुण्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी सरकारी नोकरीतून वकिलीत आले. १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला उभा राहिला, तेव्हा आरोपीची बाजू घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. काकांनी ती बाजू घेतली. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेल्या. परत आल्यावर १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात त्यांनी आरोपीचा बचाव केला. स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा मात्र १९२३ मध्ये झाला. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळले. कारण ज्या दालनात पुरुष वकिलाला प्रवेश नव्हता तेथे त्या जाऊ शकत होत्या. वकिलाची पार्श्वभूमी हेच येथे त्याच्या कामाचे क्षेत्र ठरले.

याहून ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते, मग बॅरिस्टर झाले. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना शिक्षा झाली, तेव्हा पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालवले आणि ते निर्दोष सुटले. ब्राह्मणेतर चळवळीला त्या वेळी केवळ कायद्याची कलमे पाठ असलेला माणूस नको होता. वाद कशाविषयी आहे हे अंगावर झेललेला माणूस हवा होता. सासवडच्या वकिलाच्या घरात जन्मलेले वि. म. तारकुंडे लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली करू लागले आणि काँग्रेस समाजवादी पक्षाच्या कामात पडले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या राजकारणासाठी त्यांनी वकिली सोडली, स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा धरली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद १९६९ मध्ये सोडून ते पुन्हा वकिलीकडे वळले आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे आधारस्तंभ झाले. राजकीय कार्यकर्त्याची वर्षे त्यांच्या वकिलीतून वजा करता येत नाहीत. त्यांची वकिली उभी राहिली तीच मुळी त्या वर्षांवर.

स्वातंत्र्यानंतर वकील, मुखत्यार, प्लीडर, बॅरिस्टर ही वसाहतकालीन उतरंड १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने मोडली. एकच सनद, एकच वर्ग. हा सुधारणेचा मोठा टप्पा होता. पण कायद्याने मोडलेली उतरंड बाजाराने वेगळ्या रूपात पुन्हा उभी केली. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आज सनद सर्वांची एक आहे. पण कामाचे वाटप पाहिले तर प्रत्येक शाखेत माणूस वेगळ्या वाटेने आलेला दिसतो. सातबारा, फेरफार आणि कूळकायद्याची प्रकरणे बहुधा शेतकरी घरातले किंवा महसूल खात्यातून निवृत्त झालेले लोक चालवतात. तलाठ्याच्या दप्तरात काय असते आणि काय नसते, हे त्यांना ठाऊक असते. करविषयक कामात हिशेबतपासनीस येतात. पेटंटच्या कामात विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. पेटंट एजंट होण्यासाठी ती कायद्यानेच आवश्यक आहे. सहकार न्यायालयात सोसायट्यांचा कारभार आतून पाहिलेले लोक दिसतात. यात गैर काही नाही. ज्याला विषय कळतो त्यानेच तो मांडावा. कॅनडासारख्या देशात कायद्याच्या शिक्षणाला बहुतेक विद्यार्थी आधी दुसरी पदवी घेऊन येतात, नंतर एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतात. त्यामुळे शिक्षक, परिचारिका, अभियंते असे नाना व्यवसायांतले लोक तेथील वकिलीत मिसळतात. आपल्याकडचा तीन वर्षांचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम हेच काम करीत आला. १९२४ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या विधी महाविद्यालयातून एकीकडे यशवंतराव चंद्रचूड यांच्यासारखे सरन्यायाधीश निघाले, तर दुसरीकडे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या पिढ्याही शहरातील अशा महाविद्यालयांतून बाहेर पडल्या.

प्रश्न उभा राहतो तो कामगार न्यायालयाच्या दाराशी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमाने येथे एक विलक्षण व्यवस्था केली होती. कामगाराची बाजू त्याच्या संघटनेचा पदाधिकारी मांडू शकत होता. समेटाच्या कामकाजात वकिलाला मज्जाव होता. न्यायाधिकरणात तो येई तो दुसऱ्या पक्षाच्या संमतीने आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीने. मालकाची थैली मोठी असते, म्हणून वकिलांच्या झुंजीत कामगार हरू नये, हा त्यामागील हेतू होता. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही वकील हा पक्षकाराचा हक्क मानला नाही. म्हणजे जेथे दुबळा आणि सबळ समोरासमोर उभे राहतात, तेथे वकिलीचा बाजार दाराबाहेर ठेवावा, असे कायदेमंडळाला दोनदा वाटले.

औद्योगिक क्षेत्रात ही तटबंदी फार काळ टिकली नाही. मालकांच्या महासंघाने वकिलालाच आपला पदाधिकारी नेमले तर काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात १९७६ मध्ये उत्तर दिले : पदाधिकारी म्हणून तो येऊ शकतो, तो वकील आहे हे त्याच्या आड येत नाही. निर्णय कायद्याच्या शब्दांना धरून होता, आणि तो दोन्ही पक्षांना लागू होता. परंतु सवलत दोघांना सारखी मिळाली तरी ती विकत घेण्याची ताकद सारखी नव्हती. मालकांना पूर्णवेळ कायदेतज्ज्ञ पदाधिकारी ठेवणे परवडते; पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्यापुरत्या संघटनेला ते परवडत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सौदाशक्तीची विषमता म्हणतात ती वेतनाच्या वाटाघाटींपुरती थांबत नाही. ती कोर्टाच्या पायरीपर्यंत कामगाराच्या मागे येते.

तरीही त्या काळी कामगारांकडे एक भांडवल होते. संघटनेचे कार्यकर्ते स्वतःच कायदा शिकत. पाळी संपवून सकाळच्या वर्गाला बसणारा, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक वाचता येणारा, बडतर्फीच्या चौकशीत सहकाऱ्याच्या शेजारी उभा राहिलेला कामगार पुढे सनद घेऊन कामगार न्यायालयात येई. खात्यांतर्गत चौकशी कशी रचली जाते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नसे. ही वाट आज अरुंद झाली आहे, आणि ती कोणत्या ठिकाणी अरुंद झाली हे नेमके पाहिले पाहिजे.

पहिला अडथळा वेळेचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेत बांधले आणि हजेरीची सक्ती घट्ट केली. शिक्षणाचा दर्जा राखण्याचा हेतू चांगला. पण पाळीने काम करणाऱ्याला त्यात जागा उरत नाही. दुसरा अडथळा नोकरीचा. पूर्ण पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. मुंबईच्या एका डॉक्टरने वैद्यकी चालू ठेवून सनद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्राचा नियम उचलून धरला : वकिली पूर्ण वेळेचा व्यवसाय आहे. तत्त्व मान्य करण्यासारखे आहे. पण डॉक्टरला पर्याय असतो, कारखान्यातल्या कारकुनाला सनदेसाठी पगारावर पाणी सोडावे लागते. तिसरा अडथळा वयाचा होता. ४५ वर्षांनंतर सनद नाही, असा नियम बार कौन्सिलने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केला. पुढे प्रवेशासाठीच वयोमर्यादा आली. तिला २०१७ मध्ये स्थगिती मिळाली. निवृत्त कामगाराला वकील होण्याचा मार्ग यामुळे उघडा राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे.

चौथा आणि सर्वांत मोठा अडथळा पैशाचा. अधिवक्ता कायद्यात नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. तरी राज्यांच्या बार कौन्सिली नाना नावांनी हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरवले आणि अशा वसुलीने दुर्बल घटकांवरील अन्याय वाढतो, असे स्पष्ट म्हटले. संसदेने ठरवलेले शुल्क लागू व्हायला न्यायालयात जावे लागले, यातच व्यवसायाच्या मनोवृत्तीचे चित्र आहे. सनद मिळाल्यावरची पहिली वर्षे तर याहून कठीण. ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये कनिष्ठ वकील तुटपुंज्या रकमेवर, कित्येकदा नुसत्या प्रवासखर्चावर राबतो. ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे तोच ही वर्षे काढू शकतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कनिष्ठांना किमान मानधन देण्याचा आदेश दिला; त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपयांची शिफारस केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. कारखान्यात किमान वेतनासाठी झगडणाऱ्या वकिलाच्या चेंबरमध्ये किमान वेतन नाही, ही विसंगती डोळ्यांआड करून चालणार नाही.

याच काळात दुसरे दार मात्र रुंद झाले. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय विधी विद्यापीठे, लाखांच्या घरातले वार्षिक शुल्क आणि केवळ इंग्रजीतून होणारी क्लॅट प्रवेश परीक्षा. तेथून निघणाऱ्या मुलामुलींची बुद्धिमत्ता वादातीत आहे. परंतु शिक्षणाचे कर्ज फेडायचे तर वाट मोठ्या कंपन्यांच्या कायदा कचेऱ्यांकडेच जाते. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना १९९८ ची. ज्या न्यायालयात सामान्य माणूस जातो तेथली भाषा एक आणि उत्तम शिक्षण मिळते तेथली दुसरी, असा हा दुभंग आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, पार्श्वभूमीला एवढे महत्त्व कशाला? सार्वजनिक काका वा तारकुंडे कोठे कामगार होते? आक्षेप योग्य आहे. जन्माने माणसाचा पक्ष ठरत नाही, हे समाजवाद्यांना कोणी सांगायला नको. बाबा आढाव व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी हमालांचे संघटन उभे केले. मधु लिमये यांच्याकडे सनद नव्हती. १९६८ मध्ये तुरुंगातून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि अटकेची कारणे न सांगितल्याच्या मुद्द्यावर सुटका मिळवली. पण अपवादात्मक माणसांच्या त्यागावर एखाद्या वर्गाचे न्यायदान सोपवता येत नाही. ध्येयवादी वकील मिळाला तर तो भाग्याचा योग. व्यवस्था भाग्यावर चालत नसते.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९४७ च्या कायद्याची जागा तिने घेतली. कारखाना बंद करण्यासाठी वा कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, संपाची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली, न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याच्या जोडीला प्रशासकीय सदस्य आला. नव्या कायद्याचा अर्थ पहिल्या काही वर्षांतील निकालांनी ठरत असतो. त्या वर्षांत कामगारांच्या बाजूने उभे राहणारे कोण असतील, यावर पुढच्या पिढीचे हक्क अवलंबून आहेत.

म्हणून चळवळीने काही गोष्टी हाती घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या वर्गणीतील ठरावीक हिस्सा राखून, दर वर्षी निदान एका कार्यकर्त्याला वा कामगाराच्या मुलीमुलाला कायद्याच्या शिक्षणासाठी आणि सनदेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांसाठी आधार द्यावा. एका संघटनेला जमत नसेल तर चार संघटनांनी मिळून तो द्यावा. कनिष्ठ वकिलांच्या मानधनाची शिफारस बंधनकारक व्हावी आणि नोकरदारांसाठी सायंकाळचे वर्ग पुन्हा सुरू व्हावेत, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि बार कौन्सिलपुढे मांडावी. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातील १२ व्या कलमाने औद्योगिक कामगाराला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क गेटसभेत सांगितला गेला पाहिजे. आणि पक्षातल्या वकिलांनी आपल्या चेंबरपासून सुरुवात करावी : हाताखालच्या कनिष्ठाला जगण्यापुरते मानधन द्यावे.

गिरणीत, कारखान्यात, गोदामात जो राबला त्यालाच आपल्या अन्यायाची भाषा प्रथम सापडते. ती भाषा न्यायालयाला समजेल अशा शब्दांत मांडण्याचे शिक्षण त्याला देणे, हे संप घडवून आणण्याइतकेच संघटनेचे काम आहे.