आधी सम्प, मग मासे



खाऱ्या पाण्याच्या फिशटँकची हौस आता मंडईतल्या घरांतही आली आहे. माझं मत विचाराल तर जीव काचेत कोंडूच नये. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर झालं, तिथे समुद्र दारातच होता. पुण्यात तो लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून बनवावा लागतो.

तरीही मुलांच्या हट्टाने टाकी येणारच असेल, तर माशांआधी खालच्या टाकीचा, म्हणजे सम्पचा, हिशेब मांडा. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली उतरतं. १०० बाय ५० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ४ सेंटिमीटर उतरली, तरी २० लिटर होतात. पाइपांतलं पाणी वेगळं. एवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. एकेरी व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात कचरा अडकतो. परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीजवळच ठेवा. उतरत्या पाण्याला दोन पाइप द्या, एक तुंबला तर दुसरा असतो. आणि जुन्या वाड्यात लाकडी तुळयांचा विचार आधी करा: २०० लिटर म्हणजे २०० किलोंहून अधिक भार, काच सोडून.

पाणी गाळल्यावर न दिसणाऱ्या जीवांसाठी आपण जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडतो. मग डोळ्यांदेखत पोहणाऱ्या जिवाचा श्वास पंपावर अवलंबून असताना पाइपांचं काम प्लंबरवर सोडून कसं चालेल? हा हिशेबही जीवदयाच आहे. तो जमत नसेल, तर टाकीला सरळ नाही म्हणावं.