व्हिसाच्या दारात दहा बोटे

युरोपातील शेंगेन गटाच्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या बाह्य सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंद प्रणाली टप्प्याटप्प्याने लागू करण्यास प्रारंभ केला. पासपोर्टवर उमटणाऱ्या शिक्क्याची जागा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांनी घेतली. व्हिसाविना युरोपात ये-जा करणाऱ्या अमेरिकी व ब्रिटिश नागरिकांनाही त्यामुळे यंत्रावर बोटे टेकवण्याची वेळ आली. भारतीय प्रवाशांना मात्र यात नवे काही नाही. शेंगेन व्हिसासाठी २ नोव्हेंबर २०१५ पासूनच ते दहाही बोटांचे ठसे देत आले आहेत.

या साऱ्याची सुरुवात ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर झाली. अमेरिकेने २००२ मध्ये सीमा सुरक्षेचा कायदा केला आणि ५ जानेवारी २००४ पासून विमानतळांवर परदेशी पाहुण्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षी जगभरातील अमेरिकी वकिलातींमध्ये व्हिसासाठीही हीच अट लागू झाली. प्रारंभी दोन्ही तर्जनींचे ठसे पुरेसे मानले जात. पुढे दहा बोटांचा आग्रह धरण्यात आला. ब्रिटनने २००८ पर्यंत ही पद्धत जगभर नेली, तर कॅनडाने ३१ डिसेंबर २०१८ पासून भारतीय अर्जदारांना ती लागू केली.

या अटीमागील युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नाव बदलता येते, जन्मतारीख खोटी दाखवता येते, पासपोर्टवरील छायाचित्रही बदलता येते. बोटांवरील रेषा बदलणे जवळपास अशक्य असते. एकाच व्यक्तीने दोन नावांनी अर्ज केल्यास ते चटकन उघडकीस येते. प्रामाणिक प्रवाशाचाही त्यात लाभ आहे. कॅनडासाठी एकदा दिलेले ठसे दहा वर्षे आणि शेंगेनसाठी ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

मात्र यंत्र चुकत नाही, हा समज धोक्याचा आहे. २००४ मध्ये माद्रिद येथील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचाच असल्याचा निर्वाळा एफबीआयच्या तज्ज्ञांनी दिला. या वकिलाला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिल्यावर एफबीआयला जाहीर माफी मागावी लागली. स्वदेशात, स्वतःच्या न्यायालयांच्या आधारे हा माणूस सुटला. परक्या देशाच्या संगणकात चुकीची नोंद झालेल्या व्हिसा अर्जदाराने दाद कोठे मागायची, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. परवलीचा शब्द चोरीस गेला तर तो बदलता येतो. बोटे बदलता येत नाहीत. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीस गेल्याचे २०१५ मध्ये उघड झाले होते. महासत्तेला स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे ठसे राखता आले नाहीत, तेथे पाहुण्यांच्या ठशांची हमी कोण देणार? एका सहलीसाठी दिलेले ठसे ७५ वर्षांपर्यंत जपून ठेवण्याची मुभा अमेरिकी यंत्रणेला आहे, याची कल्पना किती अर्जदारांना असते?

तिसरा प्रश्न झिजलेल्या बोटांचा. आधार नोंदणीचा शुभारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात झाला. त्यानंतर शेतमजूर व वृद्धांचे ठसे यंत्राला न पटल्याने रेशनसाठी हेलपाटे पडल्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. परदेशी असलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या आईच्या बोटांची कथा व्हिसा केंद्रात वेगळी असण्याचे कारण नाही.

इतिहासाचा योगही विलक्षण आहे. ठसे ओळखीसाठी वापरण्याचा एक आद्य प्रयोग विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्येच केला. जगातील पहिले ठसे कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात उघडले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत हेन्री यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पुढे ट्रान्सवालमध्ये भारतीयांवर दहा बोटांच्या ठशांची सक्ती आली, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत तिला विरोध करण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा उगम त्या सभेत आहे. गांधीजींचा आक्षेप शाईच्या डागाला नव्हता, तर एका समाजाला गुन्हेगार समजणाऱ्या सक्तीला होता. म्हणूनच १९०८ च्या तडजोडीनंतर त्यांनी स्वेच्छेने ठसे दिले आणि सरकारने शब्द पाळला नाही असे दिसताच नोंदणीपत्रांची होळीही झाली.

ब्राझीलने जानेवारी २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अमेरिकी पाहुण्यांचे ठसे घेऊन 'जशास तसे' उत्तर दिले होते. भारतातही आज परदेशी पाहुण्यांचे ठसे घेतले जातात. त्यामुळे ही पद्धत मागे जाईल, अशी आशा व्यर्थ आहे. मागणी करायची ती उत्तरदायित्वाची. ठसे किती काळ राहणार, कोणाला दिले जाणार आणि चूक झाल्यास दुरुस्ती कोठे होणार, हे अर्जदाराला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. बहुतेक देशांसाठी ठसे घेण्याचे काम भारतातील खासगी केंद्रांत होते. भारताने २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आहे. त्याचे कवच या केंद्रांतील भारतीय अर्जदाराला कोठपर्यंत मिळते, हे केंद्र सरकारने निःसंदिग्धपणे सांगावे. पाहुण्याने दाराशी हात पुढे करायला हरकत नाही. पण तो हात यजमान किती काळ धरून ठेवणार, हे विचारण्याचा अधिकार त्याला असलाच पाहिजे.