भंगारातले यंत्र आणि खानदेशच्या फिती

गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाने धुळे आणि जळगाव येथील भंगारवाल्यांच्या दुकानांत बऱ्याच फेऱ्या घातल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी गावोगावचे लग्नाचे शूटिंगवाले ज्या संगणकावर चित्रफितींचे संकलन करीत, तसा एक संगणक पुन्हा उभा करावा, एवढाच हेतू होता. मित्रमंडळींनी याची गणना म्हातारपणच्या छंदांत केली. एका जुन्या कार्यकर्त्याने तर सरळ विचारले, 'सर, इकडे कापसाला भाव नाही, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जाहीरपणे देणे मी माझे कर्तव्य समजतो.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅमेरा तालुक्याच्या गावी पोहोचला आणि पुढील पंचवीस वर्षे त्याने जे टिपले ते सारे कॅसेटींत बंद आहे. त्यांत बहुसंख्य लग्ने असणार हे उघड आहे. पण ज्या हाताने लग्ने टिपली त्याच हाताने मोर्चे, मेळावे, तमाशे, भजनी मंडळे, ग्रामसभाही टिपल्या. सातपुड्यात नर्मदाकाठी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील मणिबेलीत जो लढा झाला, त्याच्यावर आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी 'ए नर्मदा डायरी' हा माहितीपट १९९५ साली पुरा केला, म्हणून ते चित्र जगापुढे राहिले. ज्या मेळाव्यांना पटवर्धन आले नाहीत, त्यांचे चित्रण कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, मे महिन्याच्या चव्वेचाळीस अंशांत तापते आहे आणि श्रावणात बुरशी धरते आहे. चुंबकीय फीत कायम टिकण्यासाठी केलेलीच नव्हती.

अशीच एक फीत माझ्याकडे आली. शिरपूर तालुक्यातील शेतमजुरांच्या, नव्वदच्या दशकातील एका मेळाव्याची. ती मी प्रथम एका मोठ्या शहरातील स्टुडिओत पाठविली. पैसे घेऊन त्यांनी सुबक तबकडी पाठविली. तीत सुरुवातीलाच व्यासपीठ, हार आणि भाषणे. पुढे आमचे यंत्र उभे राहिल्यावर मूळ फीत लावून पाहिली, तेव्हा कळले की पहिली सुमारे वीस मिनिटे त्यांनी 'काही नाही' म्हणून गाळली होती. त्या वीस मिनिटांत बाया ट्रॅक्टरमधून उतरत होत्या, पोरांना कडेवरून खाली ठेवीत होत्या आणि अहिराणीत गाणी म्हणत होत्या. भाषणे तर वर्तमानपत्रांतही छापून आली होती. ती गाणी मात्र दुसरीकडे कोठेही नाहीत. संकलकाने कपट केले असे मी म्हणत नाही. त्याला ती भाषा कळली नाही, आणि जे कळत नाही ते माणसाला रिकामे वाटते. म्हणून संकलनाचे यंत्र धुळ्या-जळगावातच असले पाहिजे, आणि त्यापुढे बसणाराही इथलाच असला पाहिजे.

आता यंत्राविषयी. माझा एक जुना विद्यार्थी पूर्वी धुळ्यात व्हिडिओ मिक्सिंगचे दुकान चालवीत असे. मार्गदर्शक तो, मी हमाल. पेंटियम ४ चे दोन डबे मिळाले. एकाच्या मदरबोर्डावरील कपॅसिटर फुगलेले होते. दुसरा केवळ बॅटरीचे नाणे बदलताच सुरू झाला. त्यात फायरवायरचे कार्ड बसविले. मिनी-डीव्ही कॅसेटीवरील चित्र मुळातच अंकरूप असते. फायरवायरच्या तारेतून ते जसेच्या तसे उतरते, एका तासाला साधारण तेरा गिगाबाइट. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क लागते. प्रणाली आणि चित्र एकाच डिस्कवर ठेवले तर अधूनमधून चौकटी गळतात. जुन्या व्हीएचएस कॅसेटींचे चित्र अंकरूप नसल्यामुळे मध्ये रूपांतराचे वेगळे उपकरण लागते. पाच-सातशे रुपयांची यूएसबी पट्टी घेऊन हेच काम नव्या लॅपटॉपवर का करीत नाही, असे तरुण विचारतात. आम्ही करून पाहिले. झिजलेल्या फितीवर चित्र थरथरते, तेथे ती पट्टी हात टेकते आणि आवाज ओठांच्या मागे पडत जातो. चित्र पारखायला मात्र जुना काचेचा टीव्हीच हवा, कारण ही चित्रे सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटींनी त्याच पडद्यासाठी घडविलेली आहेत. सारा खर्च सात हजारांच्या आत भागला. यंत्राला इंटरनेट जोडलेले नाही, कारण त्यातील विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ सालीच थांबली आहे. वीज ते फार खाते, हेही कबूल केले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक मौज दिसते. यंत्राची एक झीज वापराने होते. दुसरी झीज मार्क्सने सांगितली आणि तिला 'नैतिक' असे विशेषण लावले: यंत्र धडधाकट असते, पण तेच काम स्वस्तात करणारे नवे यंत्र येते आणि जुन्याचे मूल्य उतरते. आमच्या यंत्राची गोष्ट या दोन्हींत बसत नाही. नवे यंत्र हे काम स्वस्तात करते असे नाही. ते हे काम करूच शकत नाही. त्याला ती खोबणच नाही. म्हणजे ज्याचे उपयोगमूल्य अनन्य, त्याची बाजारातील किंमत किलोच्या भावाने! फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनविणे थांबविले. ॲपलने २०२५ च्या आपल्या प्रणालीतून फायरवायरला रजा दिली. त्यामुळे एकही फीत नासली नाही, पण असंख्य फिती मुक्या झाल्या. कोणत्या स्मृतीला वाचा राहील याचा निर्णय कारखानदार आपल्या विक्रीच्या सोयीने घेतो, आणि आपण त्याला प्रगती म्हणतो.

खानदेशाला ही गोष्ट नवी वाटू नये. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग शेजारच्या मालेगावने विकत घेतले आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले. त्या मागांवरील मजुरीचे आणि कामाच्या तासांचे गोडवे मी गाणार नाही. जुने यंत्र आपोआप न्यायी होत नसते. पण त्याच गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला, तोही व्हीसीआरवर संकलन करून आणि मुंबईच्या एखाद्या चित्रपटाच्या चहापाण्याच्या खर्चात. फैझा अहमद खान यांनी २००८ साली त्यांच्या खटपटीवर माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पडद्यावर आला. लोहियांनी १९५२ साली पंचमढीत लहान यंत्राची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे व्हीसीआर असणे शक्यच नव्हते. पण माणसाच्या हाती राहील, त्याला उघडता आणि जोडता येईल असे यंत्र, हा मुद्दा तोच आहे. मालेगावातील त्या तरुणांनी तो न वाचता अंमलात आणला.

इतिहासाचार्य राजवाडे पायपीट करून गावोगावची दप्तरे गोळा करीत. अनेकदा वाण्याच्या पुड्या बांधण्यापूर्वीच ती हस्तगत करावी लागत. ते १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथे आहे. रुमालांत बांधलेला कागद निदान डोळ्यांनी वाचता येतो, मोडी शिकली की झाले. फितीला यंत्राचे डोळे लागतात. तेव्हा असे एकेक यंत्र धुळ्यात आणि जळगावात, विद्यापीठात वा जिल्हा ग्रंथालयात, टेबल, खुर्ची आणि एक पगारी माणूस यांसह ठेवावे, एवढीच मागणी आहे. निवृत्त प्राध्यापकाच्या ओसरीवर ते फार दिवस राहू नये. पक्षाच्या तालुका कार्यालयांनी तोवर एक करावे: कपाटांतील आणि कार्यकर्त्यांच्या घरांतील कॅसेटींची यादी करावी, कोणाची, कोठली, कोणत्या साली, आणि चित्रात कोण आहे ते ओळखू शकणारी माणसे कोण. ही शेवटची नोंद सर्वांत निकडीची आहे, कारण फितीइतकीच ती माणसेही थकली आहेत.

फायरवायरचा आधार लिनक्स प्रणालीत २०२९ पर्यंत सांभाळण्याचे त्या भागाच्या देखभालकर्त्याने जाहीर केले आहे. सध्या आमचे अडले आहे ते व्हीसीआरच्या रबरी चाकापाशी. ते कडक झाले असून फीत घसरते. जळगावच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने जुन्या डेकमधले चाक काढून ठेवले आहे. रविवारी ते आणायला जायचे आहे. शिरपूरच्या त्या मेळाव्यात गाणाऱ्या दोघीजणी हयात असल्याचे समजते. चाक बसले की त्यांना धुळ्याला बोलावणार आहोत.