मातामृत्यूची चौकशी कोणासाठी?

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. याच तालुक्यातील जुनवणेवाडी या आदिवासी वस्तीवरील एका गर्भवतीला जुलै २०२३ मध्ये, प्रसूतिवेदना सुरू असताना, मुख्य रस्ता गाठण्यासाठी पायपीट करावी लागली. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलविता हलविता तिचा अंत झाला. आणि रस्त्याअभावी तिचे पार्थिवही डोलीतूनच वाडीवर न्यावे लागले.

आकडेवारी पाहिली तर महाराष्ट्राची स्थिती वाईट म्हणता येणार नाही. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत असता राज्याचे प्रमाण ३३ होते, केरळचे १९. परंतु सरासरी राज्याची असते, वाडीची नव्हे. राहिलेले मृत्यू जेथे साचतात तेथील माणसांचा आवाजही क्षीण असतो, ही खरी अडचण आहे.

वैयक्तिक दुःखातून सार्वजनिक कार्य उभे राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीचा पराक्रम कितीही थोर असला तरी तो व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हाही त्या चरित्राचा अर्थ आहे.

आज शोकग्रस्त कुटुंबे व्यवस्थेलाच जाब विचारू लागली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘लक्ष्मी मंडल’ खटल्यात नुकसानभरपाईबरोबरच शासकीय योजनांच्या अंमलबजावणीतील दोष दूर करण्याचे आदेश दिले. २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप एका मृत मातेच्या कुटुंबाने केला. चौकशी झाली, आणि तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे रुग्णालयाने जाहीर केले. मात्र पुण्यातील कुटुंबाला जे साधले ते जुनवणेवाडीच्या कुटुंबाला साधेलच असे नाही.

शोकाला योग्य वाट मिळाली नाही तर तो सूडाकडे वळतो, हेही विसरता कामा नये. राजस्थानातील दौसा जिल्ह्यात २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली; जमावाने निदर्शने केली, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदविला गेला, आणि त्या डॉक्टर महिलेने आत्महत्या केली. त्यातून एकही प्रसूती अधिक सुरक्षित झाली नाही. उलट, गुंतागुंतीचा रुग्ण पुढच्या रुग्णालयाकडे पाठवून मोकळे होण्याची वृत्तीच अशाने बळावते.

वस्तुतः प्रत्येक मातामृत्यूच्या परीक्षणाची पद्धत शासनाने २०१० पासून स्वीकारलेली आहे; २०१७ मध्ये तिची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. कुटुंबाची सविस्तर मुलाखत घेतली जाते. व्यक्तीला दोषी ठरविणे हा हेतू नसतो. हे धोरण योग्यच आहे. उणीव एवढीच, की माहिती कुटुंबाकडून वर जाते, निष्कर्ष कुटुंबाकडे परत येत नाही. विलंब निर्णय घेण्यात झाला, वाहन मिळण्यात झाला, की रुग्णालयात पोचल्यावर उपचार सुरू होण्यात झाला, हे ज्यांनी घरचे माणूस गमावले त्यांनाच कळत नाही.

रुग्णाची व डॉक्टरांची नावे गुप्त राहावीत. पण नसलेला रस्ता, न आलेली रुग्णवाहिका, रिक्त पद किंवा न मिळालेले रक्त यांत गोपनीय असे काय आहे? असे निष्कर्ष नावांविना ग्रामसभेपुढे ठेवावेत, त्यावर कोणते खाते कधीपर्यंत काय करणार ते लिहून द्यावे, आणि मुदत संपल्यावर त्याच ग्रामसभेत हिशेब द्यावा. यास फारसा खर्च नाही. जाब विचारण्याचा अधिकार मात्र त्यामुळे राजधानीपर्यंत पोहोचू शकणाऱ्यांपुरता मर्यादित राहणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांतून नाशिक जिल्ह्याने त्याचा आरंभ करावा.